बिनपत्त्याचं बाळंतपण

बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की आशाताईच्या भेटी ठरलेल्या असतात. तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि शेवटची भेट बेचाळिसाव्या दिवशी. बाळाचं वजन करायचं, अंग गार पडलंय का पाहायचं, नाळ कोरडी आहे ना, बाळ नीट पितंय ना, आईला ताप आहे का, अंगावरून जास्त जातंय का, हे विचारायचं आणि काही वावगं दिसलं तर वेळ न दवडता दवाखान्यात पाठवायचं. या कामाचं मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने तिथल्या ३९ गावांत गावच्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची काळजी घरच्या घरी घेण्याची पद्धत बसवली. नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं आणि २०११ पासून देशभरच्या आशांच्या कामात ते सामील झालं. महाराष्ट्राने देशाला दिलेल्या मोलाच्या गोष्टींत मी याची गणना करते.

मात्र या साऱ्या भेटी घरी होतात. मुंबईत पुलाखाली किंवा फुटपाथवर ताडपत्री बांधून राहणारी बाई पालिकेच्या रुग्णालयात बाळंत होते आणि दोन-तीन दिवसांनी ओल्या अंगाने त्याच फुटपाथवर परत येते. शहरी आरोग्य अभियानात एका आशाकडे दोनशे ते पाचशे घरं असतात, महिला आरोग्य समिती पन्नास ते शंभर घरांमागे एक. फुटपाथवरची ताडपत्री या घरांत धरली जात नाही. आज ती या पुलाखाली आहे, उद्या पालिकेची गाडी आली की पुढच्या सिग्नलला. तिच्याकडे जायचं हे कुणाचंच ठरलेलं काम नाही.

या प्रश्नाबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे की बेघर गरोदर बाईला लागणारी औषधं, डॉक्टर आणि सरकारी योजना आपल्या शहरांत आहेत. कमी आहेत त्या दोनच गोष्टी: तिच्यापर्यंत चालत जाणारं ओळखीचं माणूस आणि बाळंतपणाच्या आगेमागे अंग टाकायला एक सुरक्षित जागा.

बेघर माणसांची शेवटची देशव्यापी मोजणी २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री झाली. त्या जनगणनेत भारतात १७ लाख ७३ हजार बेघर माणसं आढळली, महाराष्ट्रात सुमारे २ लाख १० हजार आणि बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार. एका रात्रीत रस्त्यावरची माणसं मोजताना बायका सगळ्यांत कमी सापडतात. रात्री त्या उजेडात, रहदारीच्या जागी झोपत नाहीत. आडोसा शोधतात, गाड्यांच्या मागे, बंद दुकानाच्या आतल्या पायरीवर, देवळाच्या मागच्या अंगाला. त्यांच्यातल्या गरोदर किती, हे तर कोणीच वेगळं मोजलेलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आधार आपण नेहमी घेतो. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या गरोदर स्त्रियांपैकी ४५.७ टक्के रक्तक्षयी निघाल्या. ही पाहणी घरोघरी जाऊन होते, त्यामुळे हा आकडा डोक्यावर छप्पर असलेल्या बायकांचा आहे. महाराष्ट्राचा माता मृत्युदर २०१८-२० मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, देशाचा ९७. आपण याचा अभिमान बाळगावा, पण सरासरी चांगली आली की तिच्या बाहेर राहिलेल्यांकडे पाहण्याची निकड कमी होते, हेही ध्यानात ठेवावं.

रस्त्यावर दिवस काढताना गरोदरपण कसं जातं? सुलभ शौचालयात प्रत्येक खेपेला पैसे मोजावे लागतात आणि रात्री ते बंद असलं तर अंधाराची वाट धरावी लागते, म्हणून बायका पाणीच कमी पितात. लघवी तुंबवून ठेवतात. त्यातून लघवीचा संसर्ग होतो आणि गरोदरपणात हा संसर्ग अंगावर काढला तर दिवस भरण्याआधीच कळा सुरू होऊ शकतात. लोहाच्या गोळ्या मिळाल्या तरी उपाशीपोटी घेतल्या की मळमळतं, मग त्या पिशवीत तशाच राहतात. अंगणवाडीतून घरी न्यायचा शिधा मिळवला तर तो शिजवायला चूल हवी, सरपण हवं, आणि फुटपाथवर चूल पेटवली की हुसकावणारे येतात. अतिक्रमणाच्या कारवाईत गाठोडं उचललं जातं तेव्हा त्याबरोबर माता-बाल संरक्षण कार्ड जातं, सोनोग्राफीचा कागद जातो, रक्ताचा रिपोर्ट जातो. पुढच्या वेळी दवाखान्यात गेलं की सगळं पहिल्यापासून. दोनदा असं झालं की बाई जाणंच सोडते.

मग ती कळा सुरू झाल्यावरच पोचते. डॉक्टरांच्या भाषेत ही ‘अनबुक्ड’ केस. रक्तगट माहीत नाही, हिमोग्लोबिन माहीत नाही, साखर, एचआयव्ही, सिफिलिस यांच्या तपासण्या झालेल्या नाहीत. आधीचं बाळंतपण सिझेरियनचं होतं की साधं, हे कळा देणाऱ्या बाईलाच विचारायचं. तिचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर बाहत्तर तासांत अँटी-डीचं इंजेक्शन द्यावं लागतं, नाहीतर पुढच्या बाळाला धोका. डॉक्टर आणि सिस्टर रात्री-अपरात्री अशा बायकांना सोडवतात, त्यांचं ऋण मानायलाच हवं. पण जे काम नऊ महिन्यांत थोडं थोडं व्हायचं ते एका रात्रीत त्यांच्या गळ्यात पडतं.

कागदावर या बाईचे हक्क भक्कम आहेत. जननी सुरक्षा योजना २००५ पासून आहे. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी फुकट केली. २०१९ च्या ‘सुमन’ योजनेने कोणत्याही गरोदर स्त्रीला सेवा नाकारायची नाही अशी हमी दिली. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५ हजार आणि दुसरी मुलगी झाली तर ६ हजार रुपये आहेत. पण ते मिळायला आधारशी जोडलेलं बँक खातं लागतं आणि पात्रतेचं आणखी एक कार्ड. सोनोग्राफी केंद्रात गर्भलिंग निदानविरोधी कायद्याचा ‘एफ’ फॉर्म भरताना पूर्ण पत्ता लिहावा लागतो. तो कायदा हवाच, त्याने मुली वाचतात. मात्र पत्त्याच्या रकान्यात ‘अमुक पुलाखाली’ असं लिहिलेलं चालतं हे काउंटरवरच्या माणसाला कुणीतरी शिकवायला हवं. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात तर बाळंतिणीला घरी पोचवायची गाडीही आहे. ती या बाईला कुठे पोचवणार?

हा सगळा प्रश्न न्यायालयापुढे सर्वांत उघडपणे आला तो दिल्लीत, २०१० साली. फिट्सचा आजार असलेल्या एका बेघर स्त्रीला जंगपुऱ्याच्या प्रसूतिगृहात दाखल केलं गेलं नाही आणि तिने झाडाखाली, लोकांच्या देखत मुलीला जन्म दिला. तिच्या आईने दाद मागितली. ४ जून २०१० च्या निकालात दिल्ली उच्च न्यायालयाने तिला ५० हजार रुपयांची भरपाई द्यायला लावली. गरीब माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला म्हणून त्याचे आरोग्याचे हक्क मागे राहात नाहीत, असंही त्या निकालात सांगितलं. महाराष्ट्रातल्या शहरांना हा दुसरा मुद्दा फार जवळचा आहे, कारण आपल्या फुटपाथवर बीड-जालन्याची माणसं आहेत तशी बिहारची आणि उत्तर प्रदेशचीही आहेत.

त्याच वर्षी जुलैत कॅनॉट प्लेसजवळच्या शंकर मार्केटच्या फुटपाथवर एक स्त्री बाळंत झाली आणि चारच दिवसांनी तिथेच मरण पावली. बाजार चालू होता, माणसं ये-जा करत होती. वर्तमानपत्रातली बातमी वाचून न्यायालयाने स्वतःहून याचिका दाखल करून घेतली आणि केवळ निराधार गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांसाठी निवारे काढायला, तिथे जेवणाची आणि उपचारांची सोय करायला दिल्ली सरकारला सांगितलं. असा निवारा हीसुद्धा आरोग्यसेवा आहे, हे इतक्या थेटपणे या आदेशामुळे मांडलं गेलं. या दोन प्रकरणांची जेवढी चर्चा आपल्याकडे व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्रातलं चित्र सरसकट काळं नाही. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, पण नोटीस देऊन हटवण्याची मुभाही ठेवली. त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने भायखळा परिसरातल्या फुटपाथवरच्या सुमारे सहा हजार कुटुंबांची पाहणी केली. तोवर ही कुटुंबं कुठल्याच यादीत नव्हती. संस्थेचं कार्यालय पालिकेच्या दवाखान्यामागच्या एका गॅरेजमध्ये होतं. बायका तिथे येऊन बसत, बोलत, आणि त्यातूनच १९८६ मध्ये ‘महिला मिलन’ हे बायकांचं संघटन उभं राहिलं. बेघर वस्तीत काम करायचं असेल तर हाच क्रम मला योग्य वाटतो. आधी तिथल्याच बायकांनी आपली माणसं मोजायची, मग मागण्या ठरवायच्या.

सायन रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू झाली, ती डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने. कमी वजनाची बाळं आणि अंगावर दूध नसलेल्या आया रोज पाहून आलेलं हे शहाणपण होतं. फुटपाथवर डब्याचं दूध म्हणजे अस्वच्छ पाणी आणि हगवण; तिथे आईचं दूध हाच बाळाचा पहिला बचाव. पुढे डॉ. फर्नांडिस यांनी १९९९ मध्ये ‘स्नेहा’ ही संस्था काढली. मुंबईच्या ४८ झोपडवस्त्यांपैकी निम्म्यांत बायकांचे गट बांधून नवजात मृत्यू कमी होतात का, हे ‘स्नेहा’ने शास्त्रशुद्ध तपासलं. झारखंड-ओडिशात ‘एकजूट’ या संस्थेच्या अशाच गटांनी मोठा फरक पाडला होता. मुंबईत मात्र नवजात मृत्यू कमी झाले नाहीत आणि संस्थेने २०१२ मध्ये तो निष्कर्ष जसाच्या तसा प्रसिद्ध केला. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. गावात चाललेली पद्धत उचलून शहरात ठेवली की काम झालं असं होत नाही. शहरात बायका कामावर असतात, वस्ती हलत असते, दवाखाने खूप असतात पण एकमेकांशी जोडलेले नसतात. फुटपाथवर तर गट जमायलाही जागा नाही. तिथे गटाआधी एकेका बाईचा हात धरणारं कुणीतरी लागतं.

परदेशातला एक अनुभव इथे उपयोगी पडतो. सॅन फ्रान्सिस्कोत मार्था रायन या परिचारिकेने १९८९ मध्ये बेघर गरोदर स्त्रियांसाठी ‘होमलेस प्रीनेटल प्रोग्रॅम’ सुरू केला. तिथे मदत घेऊन सावरलेल्या बायकांनाच पुढे प्रशिक्षण देऊन आरोग्य कार्यकर्त्या म्हणून नेमतात. ज्या बाईने स्वतः रस्त्यावर दिवस काढले तिला दारू पिणारा नवरा, पोलिसांची भीती, बाळ काढून घेतील ही धास्ती समजावून सांगावी लागत नाही. ओहायोतल्या कोलंबस शहरात शंभर बेघर गरोदर स्त्रियांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना नेहमीची मदत, निम्म्यांना घरभाड्याचा आधार आणि घर शोधायला सोबत. घर मिळालेल्या गटात ५१ पैकी ४० बाळं पूर्ण दिवसांची आणि पुरेशा वजनाची जन्मली, दुसऱ्या गटात ४४ पैकी २४. प्रयोग लहान आहे, अमेरिकेतला आहे, हे खरं. पण बाळाचं वजन वाढवायला घराचं भाडं भरणंही उपयोगी पडू शकतं, हे आरोग्य खात्यांनी गांभीर्याने घ्यायला हवं.

बाळ काढून घेतील ही धास्ती आपल्याकडेही आहे आणि ती निराधार नाही. बाल न्याय कायदा २०१५ नुसार घर नसलेलं आणि उपजीविकेचं साधन न दिसणारं मूल ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं’ मानलं जातं. त्याच कायद्यात कुटुंबाला प्राधान्य द्यावं, संस्था हा अखेरचा उपाय, हेही तत्त्व आहे. पण फुटपाथवरच्या आईला पहिला भाग ऐकून माहीत असतो, दुसरा कुणी सांगत नाही. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने तिला भिक्षेकरी गृहात नेता येतं, हेही तिने पाहिलेलं असतं. (दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्लीपुरती या कायद्यातली भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली.) पारधी आणि इतर भटक्या-विमुक्त समाजातल्या बायकांच्या मागे तर पिढ्यान्‌पिढ्यांचा पोलिसी संशय आहे. म्हणून गणवेशातलं, हातात फॉर्म घेतलेलं कुणी दिसलं की त्या जागा सोडतात. ही भीती ज्या कामात आधी विचारात घेतली जात नाही ते काम टिकत नाही.

याबाबत महाराष्ट्राला फार लांब जायची गरज नाही. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. घरातून हाकललेल्या किंवा हाकलल्या जाण्याच्या भीतीत असलेल्या गरोदर विधवांनी इथे येऊन सुखरूप बाळंत व्हावं, बाळ ठेवायचं की न्यायचं हे त्यांनीच ठरवावं, अशा सूचनेचे कागद त्यांनी गावात लावले. बाईचा निर्णय बाईकडे ठेवणं आणि मदत कुठे आहे हे तिच्या नजरेला पडेल अशा जागी लिहिणं, दोन्ही गोष्टी त्यांनी तेव्हाच केल्या होत्या. आज अहिल्यानगरजवळ डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांची ‘माउली’ संस्था मानसिक आजाराने रस्त्यावर आलेल्या स्त्रियांना सांभाळते. त्यांतल्या काही अत्याचारातून गरोदर राहिलेल्या असतात, आणि तिथे आई आणि बाळ दोघं एकाच छपराखाली राहतात. पुण्याजवळ वढू इथे सिस्टर लुसी कुरियन यांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या ‘माहेर’नेही घर सुटलेल्या बायकांना मुलांसह जागा दिली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा वेगळं करू नये असं कलम आहे.

निवाऱ्यांचं मात्र फार थोडं झालं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार शहरात दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा. २०११ च्या मुंबईच्या १ कोटी २४ लाख लोकसंख्येला सव्वाशेच्या आसपास होतात. शहर त्या आकड्याच्या जवळपासही नाही. २०१३ च्या शहरी उपजीविका अभियानाने दर माणशी किमान ५० चौरस फूट जागा ठरवली, स्त्रिया आणि कुटुंबांसाठी वेगळे निवारेही सुचवले. प्रत्यक्षात बहुतेक निवारे पुरुषांचे किंवा एकट्या स्त्रियांचे. नवरा-बायको आणि दोन मुलं एकत्र राहतील असा निवारा क्वचितच सापडतो. मग बाईपुढे पेच असतो, पोटातल्या बाळासाठी आत जायचं की मोठ्या मुलाला आणि नवऱ्याला घेऊन बाहेर राहायचं. ती बाहेर राहते, आणि ‘या लोकांना निवारा नकोच असतो’ असा शेरा तिच्या माथी मारला जातो. बेघर बापांबद्दल आपण बोलतच नाही. बाळ झाल्यावर पहिले पंधरा दिवस बाळंतिणीला सोडून बापाला हमालीला किंवा नाक्यावर जाता येत नाही, न गेलं तर चूल पेटत नाही. त्याच्या बुडालेल्या मजुरीचा विचार एकाही योजनेत नाही.

आता करायचं काय? पहिलं म्हणजे प्रत्येक वॉर्डात बेघर वस्त्यांपुरत्या नेमलेल्या आरोग्य सेविका, शक्यतो त्याच वस्तीतल्या, पूर्ण पगारावर. मानधनावर हे काम होणार नाही, कारण ते रात्रीचं आहे. फुटपाथवरची कुटुंबं दिवसा विखुरलेली असतात, रात्री आठ-नऊनंतर एका जागी येतात. तेव्हाच, आठवड्याच्या ठरल्या वारी, ठरल्या ठिकाणी त्याच दोन सेविका आणि एक परिचारिका. पिशवीत वजनकाटा, बीपीचं यंत्र, हिमोग्लोबिनचा मीटर, गोळ्या आणि राजगिऱ्याचे लाडू. पालिकेचे संध्याकाळी उघडे असणारे ‘आपला दवाखाना’ आहेतच, त्यांना अशी पथकं जोडली तर नवी इमारत बांधायला नको. बाई दुसरीकडे हलली तर तिची माहिती हलली पाहिजे. महिला व बालविकास विभागाने २०२१ च्या अखेरीस काही जिल्ह्यांत स्थलांतरित गरोदर माता आणि बालकांचा माग ठेवणारी प्रणाली सुरू केली, तीच शहरांतल्या फुटपाथपर्यंत आणता येईल. कागदाची एक प्रत दवाखान्यात ठेवायची, गाठोड्यात नाही.

दुसरं, मोठ्या रुग्णालयाच्या चालत्या अंतरावर आई-बाळाचं एक विश्रामघर. आठव्या महिन्यापासून बाळ दीड महिन्याचं होईपर्यंत, नवरा आणि मोठी मुलं यांच्यासह. आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला वारा लागू देत नाहीत. तो सव्वा महिना या बाईलाही मिळावा. तिथेच बाळाचा जन्मदाखला काढून हातात द्यावा, कारण १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाला शाळेपासून आधारपर्यंत सगळीकडे तोच लागणार आहे.

आणि वाचकांसाठी: तुमच्या रस्त्यावर, सिग्नलला, स्टेशनाबाहेर गरोदर बाई दिसली तर पैसे देऊन पुढे जाऊ नका. थांबून विचारा, दवाखान्यात नाव घातलंय का. घातलं नसेल तर जवळच्या पालिका दवाखान्यात तिच्याबरोबर जा. कळा सुरू असतील तर १०८ ला फोन करा. खिडकीवर आधार कार्ड मागितलं तर ठामपणे सांगा की कार्ड नाही म्हणून तिला परत पाठवता येत नाही, आणि तिचा केसपेपर निघेपर्यंत तिथून हलू नका.